अहिल्याबाईंचं सारवण

अहिल्याबाई सावंतांच्या हाताला सारवणाची कीर्ती होती, असं त्या स्वतःच सांगायच्या. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत ते पडताळून बघायला कोण जाणार होतं म्हणा. माहेर फलटणकडचं, सासर कुडाळचं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी घाटावरची माणसं शहाणी की कोकणातली, हा नवरा-बायकोतला खटला काही निकालात निघाला नव्हता. श्यामकांतरावांनी केंद्र सरकारच्या नोकरीत ढिगानं फायली निकालात काढल्या, पण ही एक फाईल त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली. बायकोचं सारवण बघून ते म्हणायचे, "ठीक आहे. आमच्याकडं याहून बरं करतात." त्यापुढं कौतुकाचा शब्द कधी गेला नाही.

आता खटला लढवायला समोर कोणी उरलं नव्हतं. श्यामकांतरावांच्या डोक्यातून आधी नावं गेली, मग वर्षं गेली आणि गेल्या पावसाळ्यात बायकोही गेली. ते तिला "बाई" म्हणू लागले, तेही अदबीनं, घरी नव्यानं कामाला आलेल्या बाईशी बोलावं तसं. अहिल्याबाई पहिल्यांदा रडल्या, मग चिडल्या आणि शेवटी "काय हवंय, साहेब?" असं विचारू लागल्या.

एक काम मात्र श्यामकांतरावांच्या हातून अजून चुकत नव्हतं. तळमजल्याच्या फ्लॅटमागच्या जाळी घातलेल्या तुकड्यात लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणलेल्या पाच कोंबड्या होत्या. सकाळी खुराडं उघडायचं, स्टुलावर बसून दिवसभर त्यांच्याकडं बघायचं आणि तिन्हीसांजेला खुराडं बंद करायचं. दिवाळीत एकदा ते घराबाहेर पडले होते आणि संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर सापडले होते. पायात चप्पल नव्हती आणि तोंडातून नाव निघत नव्हतं. तेव्हापासून अहिल्याबाईंनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. कोंबड्या आहेत तोवर हा माणूस जाळीच्या आत राहील.

आणि आता वरच्या मजल्यावरची रसिका बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. रसिका पुण्याची, आयटीतली, तशी गोड मुलगी.

"काकू, मला खूप वाईट वाटतंय," ती म्हणाली, "पण खिडकीच उघडता येत नाही यार. बाळाला वासानं उलटी होते. मी कमिटीला लिहिलंय. रविवारी सेक्रेटरी बघायला येणार आहेत. वास असाच राहिला तर कोंबड्या हलवाव्या लागतील, म्हणाले."

रसिका खोटं बोलत नव्हती. कोंबड्यांनी वर्षानुवर्षं उकरून उकरून त्या तुकड्यावर गवताची काडी राहिली नव्हती. विष्ठेनं माती काळी पडली होती. यावर अहिल्याबाईंनी थंडीच्या सुरुवातीला माहेरचा उपाय केला. जवळच्या चिल्ला गावातल्या गोठ्यातून शेण आणून त्यांनी सगळा तुकडा गुळगुळीत सारवून काढला. बोटांचे अर्धगोल असे उमटले की शेजारणींनी फोटो काढून नेले. पण माघात दोन दिवस पाऊस झाला. पाणी त्या सारवणावर ताटात साचावं तसं साचलं, त्यात विष्ठा कालवली गेली, आणि जो वास सुटला तो काही केल्या जाईना. अहिल्याबाईंनी वर आणखी एक हात दिला. वास गेला नाही, म्हणून आणखी एक दिला.

त्यात श्यामकांतरावांनी नवं खूळ काढलं. स्टुलावर बसल्या बसल्या ते काठीच्या टोकानं सारवणाला भोकं पाडत. पापुद्रा फुटला की पाचही कोंबड्या तिथं धावत आणि नखांनी खालची माती उपसत. अहिल्याबाई ती भोकं लिंपत, ते पुन्हा पाडत.

शुक्रवारी दुपारी त्यांचा संयम सुटला. "अहो, मी इथं मरमर मरतेय आणि तुम्ही वाटोळं करताय," असं म्हणत त्यांनी काठी हिसकावून घेतली. त्या शेणाची बादली आणायला मागच्या फाटकातून गल्लीत गेल्या. दोन्ही हातांत बादली घेऊन परतल्या, तशी मागं कडी लावायची राहून गेली. हात धुऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा स्टूल रिकामं होतं.

त्या गेटवर धावल्या. "इधर से तो अंकल नहीं निकले, आंटी," गार्ड म्हणाला. म्हणजे मागच्या गल्लीतून गेले. गल्लीच्या एका टोकाला पार्क, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता. रसिका हाक ऐकून बाळासकट खाली आली आणि एका शब्दानं काही न विचारता मेट्रोच्या दिशेनं निघाली. अहिल्याबाई रस्त्यावर. ई-रिक्षावाल्यांना विचारलं, ज्यूसवाल्याला विचारलं. राखाडी स्वेटर, पांढरा पायजमा, उंच आहेत, काठी नाही. "काठी नाही" म्हणताना त्यांचा आवाज फाटला. आधाराची काठी आपणच काढून घेतली आणि पाच लेनच्या रस्त्याकडं त्यांना मोकळं सोडलं, हे त्यांना तिथं उभ्याउभ्या कळलं. एक बस करकचून थांबली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बससमोर कुत्रं होतं.

रसिकाचा फोन आला. "मेट्रोवर नाहीत, काकू. पार्क बघितलं?"

पार्कात कडुनिंबांची पानगळ चालली होती. दिल्लीत ती थंडी सरता सरता होते. माळ्यानं झाडून लावलेल्या पिवळ्या ढिगाऱ्यापाशी श्यामकांतराव गुडघ्यांवर बसले होते. राखाडी स्वेटर काढून जमिनीवर अंथरला होता आणि त्यावर ते ओंजळी-ओंजळीनं पाला टाकत होते. अहिल्याबाईंना आधी त्यांना मिठी मारावीशी वाटली, मग एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही न करता त्या शेजारी मटकन बसल्या.

"बाई, बरं झालं आलात," ते म्हणाले. "एक बाजू धरा. कोंबड्यांना खाली काही नाही. पाला घातला की त्या उकरतात. मग सगळं मातीत जिरतं."

घरी येऊन त्यांनी स्वेटर जाळीत उपडा केला. कोंबड्या अशा तुटून पडल्या की पानं गुडघाभर उडाली. अहिल्याबाई बघत राहिल्या. माहेरचं अंगण त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. तिथल्या कोंबड्या सकाळी सुटत त्या गावभर हिंडून संध्याकाळी परतत. अंगण सारवलेलं राहायचं ते म्हणूनच. इथं जाळीत कोंडलेल्या कोंबड्यांच्या मातीचं तोंड त्यांनी स्वतःच्या हातानं लिंपलं होतं, आणि ज्याला काही कळत नाही असं त्या धरून चालल्या होत्या तो माणूस रोज काठीनं तेच सांगत होता.

त्यांनी काठी परत दिली, कोंबड्या टोपल्यांखाली झाकल्या आणि कुदळ घेतली. पहिला घाव घालताना हात जड झाला. बोटांचे ते अर्धगोल फुटले, खालून हिरवट पाणी वर आलं आणि वासानं डोळे चुरचुरले. शनिवारभर त्या खणत होत्या. वरचा सडका थर पोत्यांत भरून माळ्याच्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात गेला. खालची माती भुसभुशीत करून तिच्यावर वीतभर पाला पसरला. पाल्याची पोती रसिकानं वाहिली. अर्ध्या तुकड्याला आडवी जाळी बांधून तिथं मोहरी पेरली आणि ती उगवेपर्यंत कोंबड्यांना तिकडं जायची बंदी केली.

रविवारी सेक्रेटरी आले. जाळीपाशी वाकून त्यांनी हुंगून पाहिलं. अहिल्याबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

"बदबू तो अभी भी है थोड़ी," ते म्हणाले.

"कल से बहुत कम है, सर," रसिका म्हणाली आणि तिनं वर बोट दाखवलं. तिची खिडकी उघडी होती.

सेक्रेटरींनी खिडकीकडं पाहिलं, पाल्यात डोकं खुपसलेल्या कोंबड्यांकडं पाहिलं, स्टुलावरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. "ठीक है. बरसात तक देखते हैं."

सगळे गेल्यावर अहिल्याबाई पायरीवर बसल्या आणि हाताचे फोड बघू लागल्या. श्यामकांतराव काठीनं पाला सारखा करत होते.

"बाई, तुम्ही कोकणातल्या का?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांचा खटला अहिल्याबाईंच्या ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला. "हो," त्या म्हणाल्या. "कुडाळची."

"वाटलंच मला. घाटावरच्यांना हे जमत नाही. माझी बायको घाटावरची आहे." ते जरा वाकले, इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पण सारवण तिच्यासारखं कुणाला येत नाही. आमच्याकडंसुद्धा नाही. तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," अहिल्याबाई म्हणाल्या.