रुसलेल्याच्या शेजारी

नानाकाका गेल्याचा फोन वडिलांनीच केला. मी सकाळची भाजी निवडत बसले होते. "नाना गेला," ते म्हणाले, आणि लगेच पुढे, "पुसेगावला किसनरावाला तू सांग. मी सांगितलं तर म्हनंल, सगळ्यात शेवटी सांगितलं. रुसून बसंल." डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता मला हसू आलं. काका असता तर तोही हसला असता.

नानाकाका म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. डोंगरकडा गावी केळीची बाग, बोलणं कमी, बसणं फार. आणि किसनमामा म्हणजे माझ्या आईचा एकुलता एक भाऊ. जीव ओवाळून टाकणारा, पण मानाचा भुकेला. पत्रिकेत नाव खाली छापलं किंवा 'बसा' म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, की मामाच्या पायात चपला चढल्याच म्हणून समजा. वडिलांना याचा भारी संताप. ते स्वतः जमदग्नी, त्यामुळे मेहुण्या-मेहुण्यांत कायम काट्याची कुंपणं. ती ओलांडून जाणारा एकटा काका होता.

माझं लग्न कळमनुरीला होतं. माईकवर एक जण फेटे बांधायला पाहुण्यांची नावं पुकारत होता. आजी-माजी सरपंच झाले, चेअरमन झाले, नवरदेवाच्या मित्रांच्या डोक्यांवरही फेटे चढले आणि नवरीच्या मामाचंच नाव राहून गेलं. आमच्याकडे लग्नात याहून मोठी चूक होत नसावी. मामा उठला आणि मांडवामागच्या कडुलिंबाखाली पाठ फिरवून बसला. इकडे अक्षता वाटून झाल्या. गुरुजी माईकवर सांगायला लागले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी मुंडावळ्या बांधून खोलीत उभी. वडिलांचं डोकं तापलेलं. "बसू द्या त्याला थितंच. चुलता आनंल पोरीला." आई भिंतीला टेकून रडायला लागली. माहेरचं एकच माणूस, आणि तेही पाठ करून बसलेलं. तिचं ते तोंड बघून मला लग्नच नको झालं.

खिडकीतून लिंब दिसत होता. काका तिकडे चाललेला पाहून वाटलं, आता हात जोडील, समजूत घालील. त्यानं तसलं काहीच केलं नाही. डोक्यावरचा कोरा फेटा उतरवून हातात घेतला आणि धोतर सावरून मामाशेजारी मातीत बसला. पुढचं बोलणं मामानंच मला नंतर कैकदा सांगितलंय.

"तुमी काहून आलाव, नाना?"

"मी बी रुसलो."

"कोनावर?"

"तुमी ज्याच्यावर रुसलाव, त्याच्यावरच."

काकानं तंबाखू मळली, अर्धी मामाच्या तळहातावर ठेवली. गुरुजींनी पुन्हा पुकारलं, तेव्हा मामाच म्हणाला, "चला नाना, पोरगी खोळंबली." मला न्यायला मामा आला तो काकाचा फेटा घालून. माझ्या लग्नाच्या फोटोंत काका सगळीकडे बोडकाच आहे.

पुढे एकदा मी त्याला विचारलं, तू मामाला समजावलं का नाहीस? म्हणाला, "रुसल्यालं मानूस उठायला टेकल्यालंच असतंय, बाई. पन एकट्यानं उठायची त्याला लाज वाटती. संगं उठनारं कोनी तरी पायजे."

काका काही संत नव्हता. प्रेशरची गोळी घेतली म्हणून बिनदिक्कत खोटं सांगायचा. काकी तर म्हणायची, "गावाचे रुसवे काढत्यात, अन् मी रुसले तर ह्यान्ला दोन-दोन दिवस पत्ताच न्हाई." यावर काका मान खाली घालून हसायचा. स्वतःत खोट आहे हे ठाऊक असल्यामुळेच दुसऱ्याची खोट त्याला फारशी टोचत नसावी, असं मला आता वाटतं.

तेरवीला डोंगरकड्याला गर्दी लोटली होती. पहिली पंगत बसवताना गडबडीत मामाला हाताला धरून बसवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चपला चढवून तो गोठ्याजवळच्या दगडावर जाऊन बसला. सवयीनं आम्ही सगळ्यांनी ओसरीवरच्या काकाच्या बाजेकडे पाहिलं. बाज रिकामी होती. आईचा चेहरा पुन्हा तसाच झाला, माझ्या लग्नातला. आज मामा पुसेगावची गाडी धरणार आणि तिचं माहेर कायमचं तुटणार, असं मला वाटून गेलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मामाकडे निघाले, तर माझ्याआधी वडील निघालेले. हातातली बुंदीची बादली त्यांनी खाली ठेवली होती. सोयऱ्यांनी घातलेली दुखवट्याची टोपी डोक्यावरून काढली आणि मामाशेजारी जाऊन बसले. मी तिथंच थबकले.

"तुमी काहून आलाव, दाजी?"

"मी बी रुसलो."

"कोनावर?"

"नानावर. मला एकट्याला ठिवून गेला."

मामानं खिशातून पुडी काढली, तंबाखू मळली, अर्धी वडिलांच्या तळहातावर ठेवली. वडिलांनी जन्मात कधी तंबाखू खाल्लेली नाही. त्यांनी ती मुठीत धरून ठेवली. दोघं उठायला लागले तेव्हा मी परत फिरले, आणि दुसऱ्या पंगतीत दोन पत्रावळी शेजारी-शेजारी मांडल्या.