समुद्राकडे पाठ करून बसलेलं गाव

ती घटना आजही आठवली की आधी डोळ्यांसमोर येतो तो समुद्र, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेलं एक गाव. नऊ-दहा वर्षांची मुलगी बेपत्ता होती आणि त्या गावातल्या बायका निवांतपणे बोंबलांच्या जोड्या लावून बांबूंवर टांगत होत्या. हे दृश्य मी दोन दिवस पाहिलं. पाहिलं म्हणजे नुसतंच पाहिलं, समजलं काहीच नाही.

गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. बोईसर-तारापूर पट्ट्यातलं किनाऱ्यावरचं गाव, एवढं पुरे. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती.

सकाळची हजेरी आटोपून मी चहाला बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं. पस्तिशीचा, मच्छीमार घरातला, पण बोट सोडून औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे मालाची चढउतार करणारा. बायको वारलेली. घरात तो आणि मुलगी, एवढीच दोघं.

"पोर कालपासून घरी नाय, साहेब," तो म्हणाला आणि खुर्चीची पाठ धरून रडायला लागला.

अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो, त्यात विचार करत बसायची सोय नाही. गुन्हा नोंदवला. बिनतारी संदेश सुटला, फोटो रेल्वे पोलिसांकडे गेला, दोन पथकं केली. एक स्टेशन आणि रिक्षा स्टँडवर, दुसरं बेटेगावच्या बाजूला कामगारांच्या चाळींत. मी स्वतः गावात गेलो.

गावात सगळ्यांकडे एकच उत्तर. "नाय बघितला, साहेब." नाखवाही तेच म्हणाला, दुकानदारही तेच, शाळेतल्या बाईंनी तर मान वर न करता सांगितलं. माझ्या नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ भेटले, पण ते प्रत्येक जण आपापलं खोटं बोलतात. इथे सगळ्या गावाचं एकच वाक्य होतं, आणि मी ते खरं मानून चाललो होतो.

खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी, चाळीतून. बापाबरोबर काम करणारा एक उत्तरेकडचा मजूर हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, वो पीने के बाद रोता है. बोलता है, आज फिर बच्ची पर हाथ उठाया, अब नहीं उठाऊँगा. फिर उठाता है."

झालं, माझ्या डोक्यातलं चित्र उलटं फिरलं. तक्रारदारच संशयित. असं घडतं. जो आधी रडत येतो त्याच्याच घरात उत्तर असतं, हे प्रत्येक जुना अधिकारी सांगेल. बापाला बोलावून घेतलं.

चौकशीत त्याने फार वेळ लावला नाही. मारतो हे कबूल केलं. पट्ट्याने मारलं, भाताचा तापलेला डाव अंगाला लावला, हेही खाली बघत सांगितलं. मला त्याचा असा संताप आला की मी उठून खिडकीशी गेलो. पण मुलगी कुठे आहे, या प्रश्नावर तो हलेना.

"मारली, पन मारून नाय टाकली, साहेब. शपथ घेतो. शोधा तिला. तुमच्या पाया पडतो."

तो माझ्या बुटांना हात लावायला वाकला. मी मागे सरलो. हा माणूस खोटारडा असता तर माझं काम सोपं होतं. तो खरंच मुलीला मारत होता आणि खरंच तिच्यासाठी रडत होता, आणि या दोन गोष्टी एका माणसात कशा बसवायच्या हे मला कळेना. त्याला ठाण्यात बसवून ठेवला आणि मी पुन्हा गावाकडे निघालो, या वेळी मृतदेह शोधायच्या तयारीने.

ओहोटी लागली होती. खडकांत शोधायला माणसं हवी होती, म्हणून मी हवालदाराला म्हटलं, "गावातली चार पोरं घे मदतीला." हवालदार त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावचा, कोळ्याचाच. तो जागेवरून हलला नाही.

"साहेब, एक विचारू? कालपासून इथं कुनी खडकावर गेलाय का?"

मी वळून किनाऱ्याकडे पाहिलं. नोकरीत आधी अशाच एका गावात मूल हरवल्याचं मी पाहिलं होतं. तिथे चूल पेटली नव्हती. पुरुष खडकाखडकांत शिरले होते, बायका पाण्याच्या कडेने हाका मारत फिरत होत्या, धंद्याला निघालेल्या बोटी माघारी वळल्या होत्या. किनाऱ्यावर मूल दिसेनासं झालं की पहिला धाक पाण्याचा. नजर आधी तिकडेच जाते, कुणाला सांगावं लागत नाही. इथे बोटी वेळेवर गेल्या होत्या, वेळेवर आल्या होत्या, बोंबील वाळत होते, आणि समुद्राकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

म्हणजे मुलगी पाण्यात नाही, हे गावाला ठाऊक होतं. म्हणजे ती कुठे आहे हेही ठाऊक होतं.

घरझडती घेता आली असती. महिला पोलीस होत्या, अधिकार होता. पण पुढच्या दाराने आम्ही शिरलो तर मागच्या दाराने मुलगी शेजारी पोचणार, हे दिसत होतं. मी टोपी काढली आणि बोंबील टांगणाऱ्या बायकांत जाऊन मासळीच्या एका उलट्या पाटीवर बसलो. पाटी चेपून खाली बसली. बायका हसल्या, आणि ज्या म्हातारीची ती पाटी होती तिने मला मनसोक्त शिव्या घातल्या. ही म्हातारी सगळ्यांना एकेरीत बोलायची, मग तो नाखवा असो की फौजदार.

मी म्हटलं, "म्हातारे, पोर कुठे आहे ते विचारत नाही. नको सांगू. एवढंच सांग, जेवली का ती?"

सगळ्या बायकांचे हात थांबले आणि सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने हातातला बोंबील खाली ठेवला. बाकी काय वाटेल ते खोटं ती बोलली असती, पण उपाशी नसलेल्या पोराला उपाशी म्हणणं तिला जमलं नाही.

"जेवली," ती म्हणाली. "भात आनि निवट्याचा कालवन. दोनदा घेतला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं ओझं इतक्या छोट्या शब्दाने उतरलेलं मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यावर ढकललं.

मग दुसरा प्रश्न आपोआप आला. बाप मारतो हे गावाला माहीत होतं, तर कुणी कळवलं का नाही? मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता. म्हातारीशेजारी एक तरुण बाई बसली होती, कडेवर पोरगा. ती एकदम उसळली.

"माझा पोर नेला होता ना तुमी! त्याच नंबरावर फोन गेला होता."

तिची हकिगत अशी. कामाच्या वेळी या बायका रांगत्या मुलाच्या पायाला मऊ लुगड्याची दोरी बांधतात आणि तिचं टोक वाळवणीच्या बांबूला. हात माशांत गुंतलेले, आणि भरती आली की पाणी अगदी बांबूंपर्यंत येतं. मूल रांगत पाण्यात जाऊ नये म्हणून. फिरायला आलेल्या कुणीतरी ते पाहिलं, फोटो काढला, फोन केला. मूल जनावरासारखं बांधून ठेवलंय, पायाला वळ आहेत. फोन करणाऱ्याचंही काय चुकलं? त्याला दिसलं ते त्याने सांगितलं. गाडी आली, मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं, तिथून शिशुगृहात. गृहचौकशी, अहवाल, कागदपत्रं. मूल परत मिळालं, पण तोवर बरेच आठवडे गेले होते.

"घरी आनला तवा मना ओळखी ना," ती म्हणाली. "मी घेतला की रडे. माझाच पोर, माझ्याकडंच बघून रडे. आनि आता ह्या पोरीला तुमच्या हातात देऊ?"

म्हणून गावाने आपला बंदोबस्त केला होता. बाप प्यायलेला असला की मुलगी दुसऱ्याच्या घरी जेवायची, तिसऱ्याच्या घरी निजायची. त्या दिवशी डावाचा चटका पाहिल्यावर गावाने ती परत पाठवायचीच नाही असं ठरवलं. हे किती दिवस चाललं असतं, मुलगी शाळेत कशी गेली असती, बापाने एखाद्या घरात कोयता घेऊन शिरायचं ठरवलं असतं तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता. मी तो करत होतो आणि माझं डोकं चालेनासं झालं होतं.

सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं, हा कायदा. म्हातारीचं म्हणणं वेगळं होतं.

"समिती समिती काय करतो? कोन हाय ती? तोंड दाखव तिचा मना."

मी समितीच्या एका महिला सदस्यांना फोन लावला. बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं, तेवढी फट कायद्यात आहे. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, आम्ही मूल लवकर परत दिलं आणि पुढे काही झालं, तर आम्हीच जबाबदार. ठेवून घेतलं तर आम्ही आईपासून तोडणारे. तुम्हीच सांगा, काय करायचं?" मला कुठे माहीत होतं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही इथे या. एवढंच मला सुचतंय."

त्या आल्या. आधी मुलीबद्दल बोलल्याच नाहीत. त्या तरुण बाईला म्हणाल्या, "कुठे बांधत होतीस ते दाखव." तिने बांबू दाखवला. भरती चढत होती. समितीच्या बाईंच्या चपलांना पाणी लागलं तशा त्या मागे सरल्या.

"पाणी इतकं जवळ येतं, हे फोटोत दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

माफी मागितली नाही. पण तरुण बाईने इतका वेळ घट्ट धरलेलं कडेवरचं पोर खाली सोडलं, तेवढं मी पाहिलं.

मग म्हातारी उठली आणि कुडाच्या घरातून मुलीला घेऊन आली. मुलगी म्हातारीच्या पदराआडून बघत होती. दंडावर चटका, पाठीवर जुने-नवे वळ. बाईंनी तिला जवळ बसवून हळूहळू विचारलं, महिला पोलिसाने लिहून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा जेवला का?" तिने विचारलं.

बाप ठाण्यात बसला होता आणि त्याला काही खायला दिलंय की नाही, हे मला माहीत नव्हतं.

मुलीला न्यावं लागणार होतं. वैद्यकीय तपासणी होती, आणि बाप सुटून आला तर तिला त्या गावात ठेवणं धोक्याचं होतं. बाईंनी हे स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. मुलीला जीपमध्ये बसवलं, आणि तिच्यामागून म्हातारी पाटीसकट आत चढली.

"तू कुठे? उतर," हवालदार म्हणाला.

"नाय उतरत."

"अगं, नियमात नाही बसत."

"मी जीपमध्ये बसलेय. नियमात कशाला बसू?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. बाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "बसू द्या." रुग्णालयापासून बालगृहाच्या दारापर्यंत म्हातारी मुलीबरोबर होती, आणि सगळी जीप बोंबलांच्या वासाने भरली होती. पुढेही ती दर बाजाराच्या दिवशी मासळी विकून बालगृहात जायची. तिथल्या पहारेकऱ्याला तिने पहिल्या खेपेला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या खेपेपासून सुकट. काही महिन्यांनी समितीने चौकशी करून म्हातारीला मुलगी सांभाळायला 'योग्य व्यक्ती' ठरवलं आणि मुलगी तिच्या घरी आली. म्हातारीला बघून ती रडली नाही, पळत आली.

अपहरणाचा गुन्हा बंद करण्याचा समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. वरिष्ठांनी विचारलं, मुलगी लपवणाऱ्या गावकऱ्यांवर कारवाई का नाही? मी लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात धड काही नव्हतं. बापावर खटला चालला. मी साक्ष दिली. मुलगी अजूनही कधी कधी बापाबद्दल विचारते, असं म्हातारी सांगते.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? प्रामाणिकपणे सांगतो, मला नीट सांगता येत नाही. फोटो काढणारा भला माणूस होता. समितीच्या बाई भल्या होत्या. गाव भलं होतं. आणि तरी मधल्या मध्ये एक मुलगी मार खात राहिली, कारण कुणाला कळवलं तर मूल जातं ते पुन्हा आपलं होऊन येत नाही, हे गावाने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंतीवर नंबर रंगवून हा धाक जात नाही. म्हातारी जीपमध्ये चढली त्याने तो थोडा गेला. पण प्रत्येक मुलाला अशी म्हातारी कुठून आणायची, हे कुठल्याच परिपत्रकात नाही आणि माझ्याकडेही नाही.

निवृत्तीनंतर मी माकुणसारला राहतो. परवा त्या गावात सुके बोंबील घ्यायला गेलो होतो. ती तरुण बाई भेटली. तिचा मुलगा आता शाळेत जातो. पैसे घेता घेता ती आवाज खाली करून म्हणाली, "साहेब, आमच्या पलीकडं भाड्यानं लोक आलेत. त्यांच्या पोराच्या अंगावर वळ असतात. त्या नंबराला फोन करू का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी चटकन हो म्हटलं असतं. ही विचारत होती, जिचं पोर त्याच नंबरामुळे गेलं होतं. मी तिच्या बांबूंकडे पाहिलं.

"कर," मी म्हटलं. "आणि गाडी आली की पोराबरोबर तूही चढ."

"आनि मना उतर म्हनाले तर?"

"उतरू नको."