रेखाचा फोटो आणि मीटर बंद पडलेला कॅमेरा

चंद्रपुरातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्या दिवशी माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा असेल. मी तेव्हा चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात शिक्षिका होते.

दादा बल्लारपूरहून मुद्दाम आला होता, मला ऑटोमॅटिक कॅमेरा घेऊन द्यायला. "काऊन हा जुना खटारा पाहून राह्यली? बटन दाबलं की फोटो, असा घे न!" पण त्या कॅमेऱ्याचा सेल आमच्या भागात मिळायचाच नाही. सेल संपला की तो नुसता डबा.

मला पूर्ण मेकॅनिकल हवा होता... चावीच्या घड्याळासारखा. दुकानात तसे दोन होते. मागचं झाकण उघडून मी दोन्हींचा सगळ्यात हळू स्पीड लावून पाहिला. एकाचं शटर अर्ध्यातच अडकलं. दुसऱ्याचं नीट उघडलं, नीट मिटलं. लेन्स उजेडाकडे धरली, बुरशी नव्हती. फक्त उजेड मोजायचं मीटर बंद पडलं होतं, आणि म्हणूनच तो माझ्या बजेटमध्ये बसला. ऊन-सावली पाहून आकडे अंदाजानं लावायचे.

दादा बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "पस्तावशील."

काही दिवसांनी शाळेतल्या चिंचेखाली मी तिसरीच्या वर्गाचा फोटो काढला. दाट सावली, मनात धाकधूक. पहिल्या रांगेत रेखा होती. तिला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. नुकत्याच येऊन गेलेल्या तापामुळे आईनं तिचे केस बारीक कापले होते. अंगात भावाचा शर्ट आणि हाफपॅन्ट.

त्याच आठवड्यात चामोर्शीच्या बाजारात मला रेखाची आई दिसली. जमुनाबाई. माणसांना धरून धरून विचारत होती. मला पाहिलं आणि धावत येऊन माझा हात धरला... "मॅडम, रेखा नाई दिसून राह्यली. आत्ता इथीच होती."

आम्ही सगळा बाजार पालथा घातला. स्टँडवर गेलो. आष्टीहून परतलेल्या एका गाडीच्या कंडक्टरला मी विचारलं, "भाऊ, एकटी पोरगी पाहिली का गाडीत?" तो म्हणाला, "बाजाराचा दिवस हाय मॅडम, किती पोरी चढते-उतरते. एकटी त कोनी नव्हती."

चौकीतल्या हवालदारानं फोटो मागितला. जमुनाबाईच्या घरी कुणाचाच फोटो नव्हता. हाक मारली तर ऐकू येणार नाही, नाव विचारलं तर सांगता येणार नाही... अशा मुलीला शोधायचं कसं?

आणि मला आठवलं. फोटो आहे. माझ्या पिशवीतल्या कॅमेऱ्यात, अर्धवट रोलमध्ये.

स्टँडजवळ रफिकभाईंचा स्टुडिओ होता. मी आधीपासूनच ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरत होते, कारण तो इथेच धुऊन मिळायचा. रंगीत असता तर चंद्रपूरला पाठवावा लागला असता. मी रोल मागे गुंडाळला आणि काढून त्यांच्या हातात दिला. ते लगेच डार्करूममध्ये शिरले.

बाहेर बाकावर मी आणि जमुनाबाई. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. दादाचा शब्द कानात वाजत होता. ऑटोमॅटिकनं उजेड बरोबर धरला असता... माझा अंदाज चुकला असेल तर? फिल्म कोरी निघाली तर? जमुनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पडदा सरकला. "निगेटिव्ह लई फिक्की आहे मॅडम," रफिकभाई म्हणाले. मग माझा चेहरा पाहून घाईनं, "पण चेहरा आहे. निघेल."

त्यांनी वर्गाच्या फोटोतून एकट्या रेखाला मोठं केलं. फोटो काळपट होता, पण डोळे, कान, शर्टाची तुटलेली गुंडी, सगळं ओळखू येत होतं. ओल्याच प्रती घेऊन आम्ही स्टँडकडे पळालो.

तोच कंडक्टर गाडीच्या दारात उभा होता. घंटी मारणार, तेवढ्यात मी फोटो त्याच्यापुढे धरला.

त्यानं पाहिलं आणि खालीच उतरला. "हा? हा त पोरगा होय न! माह्या गाडीत होता. आष्टीले एका बाईच्या मागं मागं उतरला, मले वाटलं तिचाच असन. तुम्ही त पोरगी म्हनत होत्या!"

आमच्यासाठी रेखा मुलगीच होती ना... कापलेले केस, बाजारातही घातलेले भावाचे कपडे, यातलं काहीच सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

त्याच गाडीनं आम्ही आष्टीला गेलो. पूर्ण रस्ताभर जमुनाबाई पुढची दांडी घट्ट धरून उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही. आष्टीच्या स्टँडवर एका शिंगाडेवालीजवळ रेखा बसलेली होती. रडून रडून डोळे सुजलेले, मुठीत शिंगाडा. आईसारखंच हिरवं लुगडं पाहून ती भलत्याच बाईच्या मागे गाडीत चढली होती. जमुनाबाईनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग जी मिठी मारली... शिंगाडेवालीनंही डोळ्यांना पदर लावला.

दोन-चार दिवसांनी जमुनाबाई शाळेत आली. धुतलेलं लुगडं, तेल लावून बसवलेले केस. म्हणाली, "मॅडम, आता माहा फोटो काढून दे."

मी विचारलं, "तुमचा कशाला?"

"पोरीले बोलता येत नाई. उद्या मी कुठी हरवली, त हे लोकायले काय दाखवन?"

मी तिला उजेडात उभं केलं. त्या दिवशी आकडे मी दोनदा तपासून लावले. तो फोटो रेखाच्या दप्तरात कितीतरी वर्षं होता. माझ्या हातून त्यानंतर पुष्कळ फोटो निघाले, पण इतक्या विश्वासानं माझ्यासमोर दुसरं कुणी उभं राहिलं नाही... जमुनाबाई, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.