चष्म्याच्या खालच्या काठावरची ओळ

युसूफसरांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या पाठीकडून झाली, असं म्हटलं तर वाचकांना गंमत वाटेल. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. सर तेव्हा अमरावतीला अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी बसनं अकोल्याला येऊन दुकान सांभाळत. मी जवळचा नंबर बदलायला गेले होते. सर कपाटाकडं तोंड करून फ्रेमा काढत होते आणि काहीतरी विचारत होते. मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं असावं, कारण शेजारच्या गिऱ्हाइकानं माझ्याकडं वळून पाहिलं. मग सर वळले. माझ्या चेहऱ्याकडं क्षणभर पाहून त्यांनी हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली आणि आवाज जराही न चढवता, ओठ नीट दिसतील असे समोर उभे राहून म्हणाले, "काळी दाखवू का सोनेरी?"

कानाबद्दल एक शब्द नाही. त्या दिवसापासून आजतागायत सर माझ्याशी पाठमोरे होऊन एक वाक्य बोललेले नाहीत. चहा ओतताना काही सांगायचं असेल तर ते आधी किटली खाली ठेवतात.

मी मुळात काळजीखोर बाई. ज्या काळाबद्दल लिहिते आहे, त्या काळात तर काळजी हाच माझा धंदा होता. वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या घरांवर एकामागून एक आत्महत्यांचे आघात होत होते आणि आमची संस्था अशा घरांतल्या बायकांशी बोलायला, खरं म्हणजे त्यांचं ऐकायला, मला पाठवत असे. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, असं आमचं काम. आणि नेमके माझे कान जात चालले होते. नस सुकत चालली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावलं की आवाज मोठा येई, पण शब्द उमटत नसत. ओठांवरून समजून घ्यायला मी शिकले होते, तर दुःखाच्या घरची बाई पदर तोंडाला लावून बोलते. त्या पदराआड काय चाललं आहे ते मला कळेना. मी मान हलवत बसे आणि परतीच्या जीपमध्ये एकच प्रश्न मनात घोळवी. आज एखादीनं जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचं बोलून दाखवलं असेल आणि मी नुसतीच मान हलवून उठून आले असेन तर?

हे मी घरी सांगितलं नव्हतं, संस्थेतही नाही. सांगितलं ते युसूफसरांना, नव्या चष्म्याची दांडी सैल करून घ्यायला गेले असताना. सरांनी दांडी सैल केली, पुन्हा घट्ट केली, पुन्हा सैल केली. मग म्हणाले, "बोललेलं जर या काचेवर लिहून आलं, तर चालन का तुमाले?"

मला वाटलं, सर समजूत काढताहेत. सर समजूत काढत नसतात, हे मला पुढं कळलं.

आज असे चष्मे जगात होताहेत, त्यामुळं तरुण वाचकांना नवल वाटणार नाही. पण सरांनी हे काम दुकानामागच्या खोलीत सुरू केलं. आपले दोन विद्यार्थी हाताशी घेऊन त्यांनी एका फोनला वऱ्हाडी ऐकून लिहायला शिकवलं. सुरुवातीला त्या फोनला आपली बोली अजिबात झेपत नव्हती. ती लिहिलेली ओळ चष्म्याच्या दांडीत दडवलेल्या बारीकशा दिव्यातून भिंगावर पडायची आणि ती फक्त घालणाऱ्याला दिसायची. समोरच्याला मात्र साधा चष्माच दिसला पाहिजे, हा सरांचा हट्ट. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या वर्षांत त्या घरांत इतके कॅमेरे आणि इतके फॉर्म येऊन गेले होते, की काही चमकताना दिसलं की बायका ओठ मिटून घेत.

सरांची तपासणीची एक रीत होती. नवी फ्रेम झाली की ती स्वतः घालून ते भाजीबाजारात जात. तिथं कौतिकाबाई बसत. घरच्या मळ्यातली भाजी आणि जगातली सगळ्यात तीक्ष्ण नजर घेऊन बसत. सर त्यांच्याकडून मेथी घेत आणि उगाच भाव करत उभे राहत. बहुतेक वेळा कौतिकाबाई जुडी बांधता बांधता म्हणत, "मास्तर, आज डोयात काय चमकून राह्यलं तुमच्या?" की झालं. सर मेथी घेऊन परत येत आणि फ्रेम पुन्हा खोलत. त्या काळात सरांच्या घरी मेथीशिवाय दुसरी भाजी शिजली नाही, असं त्यांच्या पत्नी सलमाभाभी अजून ऐकवतात.

मे महिन्यात तर मला सरांचीच धास्ती वाटू लागली. कानामागं बसवलेली बॅटरी अकोल्याच्या उन्हात टिकते का, ते पाहायला सर भर दुपारी चष्मा लावून गच्चीवर फेऱ्या मारत. दोन्ही कानांमागं फोड आले. भाभींनी विचारलं तर "गांधीलमाशी चावली" म्हणाले. दोन्ही कानांमागं एकाच जागी चावणारी गांधीलमाशी भाभींनी त्याआधी पाहिली नव्हती. त्या फोडाची खूण आजही सरांच्या उजव्या कानामागं आहे.

शेवटी कौतिकाबाईंनी एक फ्रेम काही न बोलता जाऊ दिली आणि ती घालून मी दर्यापूरकडच्या एका गावी गेले. त्या बाईंचं नाव मी लिहीत नाही. चटईवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्यांनी पदर तोंडाला लावला, बोलायला सुरुवात केली, आणि माझ्या उजव्या भिंगाच्या वरच्या कोपऱ्यात अक्षरं उमटू लागली. किती वर्षांनी एकही शब्द सुटत नव्हता! दुःखाच्या घरात बसून मला आनंद होत होता. त्या आनंदातच मी ओळीमागून ओळ वाचत होते. मग पुढची ओळ आली.

"ताई, तुमी घडीघडी वर काहून पाहून राहिल्या? तिथंच होते ते."

अक्षरं विरली आणि त्यांच्या मागं घराचं आढं दिसलं.

बाई उठून आत गेल्या. त्यांच्या सासूबाईंनी मला पाणी दिलं, तेही माझ्याकडं न पाहता. मी जीपनं कशी परतले, ते आठवत नाही. सरांच्या दुकानात जाऊन चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "मला हे काम जमणार नाही. हा चष्माही नाही आणि ते ऐकायला जाणंही नाही."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, दुकानातल्या आरशासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "काही बोला." मी काहीतरी बोलले. ओळ वाचताना आपले डोळे कुठं जातात, ते सर आरशात पाहत राहिले. नंतर माझ्याकडं वळले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "चूक माही हाय, ताई. भायेरच्या देशातल्या चष्म्यात पडदा वर असते, म्हणून मीबी वर ठेवला. आपल्याइकडं माणूस आयकताना कुठी पायते, हे मी पायलंच नाही."

सर एवढ्यावर थांबले असते, तर त्यांना युसूफसर कशाला म्हणायचं? पुढचे कित्येक आठवडे गावात, शेजारात, नात्यात कुणाकडं दुःख झालं की सर बसायला जात. हिंदूंच्या ओसरीवरही जात आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बैठकीतही. सगळीकडं त्यांना एकच दिसलं. सांगणारा सांगत असतो आणि ऐकणारा खाली पाहत असतो. चटईची काडी सोलत असतो, पायाच्या अंगठ्याकडं पाहत असतो, पण खाली. आपल्याकडं दुसऱ्याच्या दुःखासमोर नजर खाली ठेवतात. सरांनी ठरवलं, ओळ भिंगाच्या खालच्या काठावर यायला हवी.

बोलायला सोपं होतं. त्यासाठी चष्म्याचं सगळं पोट बदलावं लागणार होतं. दिवा खाली घेतला तर फ्रेमची खालची कड जाड होई आणि जाड कड कौतिकाबाईंच्या नजरेतून सुटत नसे. शेवटी सरांनी वडिलांच्या काळातल्या पेट्या उघडल्या. त्यात ती काळी, जाड, चौकोनी फ्रेम निघाली. एकेकाळी वऱ्हाडातल्या निम्म्या मास्तरांच्या नाकावर तीच असायची. तिच्या जाडीत दिवा सहज मावला. कौतिकाबाई एवढंच म्हणाल्या, "आज वडलांचा चष्मा घातला वाटते!" चष्मा पास झाला. मला मात्र तो घालून आरशात माझ्या शाळेचे हेडमास्तर दिसत, ही तक्रार मी सरांच्या या गौरवग्रंथातही नोंदवून ठेवते.

याच सुमारास दुकानात एक गृहस्थ आले. मुलाची स्पर्धा परीक्षा होती आणि बाहेरून सांगितलेली उत्तरं त्याच्या काचेवर उमटावीत, असा बेत होता. असा चष्मा आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि लागेल तेवढी किंमत मोजायची त्यांची तयारी होती. मी तिथंच बसले होते. आमची वस्तू उद्या कुणाच्या हाती पडेल आणि कशासाठी वापरली जाईल, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. सरांनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "देतो ना भाऊ. पण एक अट हाय. घालणाऱ्यानं आधी समोरच्याले सांगायचं, की बाप्पा, या चष्म्यात अक्षरं येतात. तुमचा पोरगा वर्गातल्या सरांले सांगन का?" गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

ती अट मी त्या दिवशी प्रथमच ऐकली. गृहस्थ गेल्यावर सर माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमालेबी हेच, ताई. चष्म्यातला पडदा कोनाले दिसू नये, पण चष्मा काय करते ते सांगाच लागन." मी भांडले. ऐकायला आलेली बाईच बहिरी आहे, हे कळल्यावर कोण बोलेल माझ्याशी? शिवाय त्या घरात मी कुठल्या तोंडानं जाऊ? सर म्हणाले, "सांगून पहा. नाही बोलल्या, तर त्यांचा हक्क हाय." आणि आधी स्वतःपासून सुरुवात करावी म्हणून त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन त्यांनी कौतिकाबाईंना सगळं सांगून टाकलं. कौतिकाबाई हसून हसून बेजार झाल्या. "आन् मले वाटे, मास्तरले मेथी लय आवडते!"

मी त्या गावी पुन्हा गेले. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि एका दमात बोलून मोकळी झाले. मला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं या चष्म्यात लिहून येतं. त्या दिवशी मी आढ्याकडं नव्हते पाहत, तुमचे शब्द वाचत होते. आता अक्षरं खाली येतात.

बाई उंबऱ्यापर्यंत आल्या. मग हात पुढं करून म्हणाल्या, "पाहू." त्या चार बुकं शिकलेल्या होत्या. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला. त्यांनी खाली पाहिलं, पदर तोंडावर घेतला आणि अगदी हळू काहीतरी बोलल्या. चष्मा त्यांच्याकडं होता, म्हणून मला कळलं नाही. सासूबाई मात्र दारात ताठ झाल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की सुनेनं आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा.

बाईंनी ते नाव काचेवर वाचलं आणि चष्मा काढून माझ्या हाती दिला. मी तो डोळ्यांवर चढवला, तेव्हा त्यांचा प्रश्न खालच्या काठावर उमटला. "हे राह्यते का कुठी लिहून?"

"नाही," मी म्हणाले. "लगेच पुसलं जातं. कुठंच राहत नाही." बोललेलं साठवून ठेवायचं नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

"मंग बसा," ओळ उमटली.

मी बसले. त्या बोलत राहिल्या आणि मी खाली पाहत राहिले. त्या आज गावातल्या इतर बायकांना धीर देतात आणि मला फोनवर संदेश पाठवून दटावतात, ते वेगळंच.

तेव्हापासून माझं काम सुटलेलं नाही. सरांनी तशा आणखी काही फ्रेमा केल्या. चांदूर बाजारच्या, माझ्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या एका शिक्षकांना दिली, ते वर्गात तीच घालून शिकवतात. प्रत्येक वेळी सरांची अट तीच असते आणि आधीची मेथीसुद्धा तीच.

यंदा सर महाविद्यालयातून निवृत्त होताहेत आणि त्यांना साठ वर्षं पूर्ण होताहेत. मला आनंद आहे, पण माझा स्वभाव मला स्वस्थ बसू देत नाही. सरांना साखर आहे. बारीक दिव्यांत डोळे घालून त्यांचा स्वतःचा नंबर वाढला आहे. उन्हात गच्चीवर फेऱ्या अजून चालू आहेत, आणि भाभींसाठी नव्या गांधीलमाश्याही. सरांनी सावलीत चालावं, औषधं वेळेवर घ्यावीत आणि निरोगी, दीर्घ आयुष्य जगावं, ही माझी प्रार्थना आहे. ती मी रागावून करते आहे, असं सरांना वाटलं तर त्यांचं बरोबर आहे.

सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन. सर बोलायला उभे राहिले, की माझी मान खाली गेलेली दिसेल. मला डुलकी लागली असं समजून शेजारच्यांनी कृपया कोपर मारू नये.

आणि सर, इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी किटली खाली ठेवत आलात. त्या दिवशी खुशाल माझ्याकडं पाठ करून बोला. मला कळेल.