कुलरसमोरची सायकल

हवेविरुद्धची लढाई माणसाला एकट्यानेच लढावी लागते. माझ्या लढाईतली हवा कुलरची होती, एवढंच.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग काढतो. बायको वारल्यावर सक्करदऱ्याच्या घरात संध्याकाळचं काय करायचं ते कळेना, म्हणून शर्यतीची सायकल डिझाइन करायला घेतली. टाइम ट्रायलची. या शर्यतीत शेजारी कोणी नसतं, फक्त घड्याळ असतं. मला सवयीचंच. जुन्या सायकलवर वीस किलोमीटरला एकावन्न मिनिटं लागत. नवीवर पंचेचाळीसच्या आत यायचं होतं. त्या वर्षी मला याशिवाय दुसरं काही नको होतं.

आधी बांबूचा कच्चा सांगाडा करून हॉलमध्ये मोठ्या कुलरसमोर उभा केला आणि कुलर सुरू केला. बायकोच्या विणकामातली उरलेली लोकर कापून धागे सांगाड्याला आणि माझ्या शर्टाला चिकटवले. धागा सपाट राहिला तर हवा सरळ जाते. फडफडला तर अडते. पुढचे धागे दिसत होते. पाठीवरचे बघायला दुसरं माणूस लागतं. मी मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवला, मान खाली घालून सांगाड्यावर बसलो आणि व्हिडिओ काढला. धागे सपाट होते. मागे टीव्हीसमोरच्या दोन खुर्च्याही आल्या होत्या.

पक्का सांगाडा कारखान्याजवळच्या वेल्डरने जोडला. आणायला गेलो तर मागे कॅरिअर.

"हे काय?"

"कॅरिअर, काकाजी. तुमच्या कागदावर राहून गेलं होतं. मी लावून देलं."

"अरे, ही एकट्याची सायकल आहे."

"काहून? भांडण झालं का कोनासंगं?"

मी ते कापायला लावलं. त्याने हळहळत कापलं.

रविवारी सकाळी त्याच्या दुकानापासून निघालो. दहा किलोमीटर जाऊन परत यायचं. या शर्यतीत सुटताना मागून कोणीतरी सीट धरावी लागते. त्याने धरली. "सोडू का गा?" असं तीनदा विचारलं, आणि सोडली.

हॉलमध्ये मान खाली घालून बसणं जमलं होतं. तिथे खड्डे नव्हते. रस्त्यावर मात्र दर मिनिटाला डोकं वर काढावं लागलं, आणि सगळी हवा तोंडावर.

वेल्डर मोबाइल हातात धरून दुकानासमोर उभाच होता.

"त्रेपन्न मिनिटं, काकाजी. दोन वाढलेच." मग मागच्या चाकाकडे बघत, "आता त लावू ना कॅरिअर?"

"लाव."

त्यावर पहिल्यांदा बसला तो त्याच्या घरचा गॅस सिलिंडर.