नंबरपॅडला हात कोण लावतं?

किला गेटचं तक्रार केंद्र बंद झालं आणि तिथल्या सगळ्यांना महाराज बाडा चौकाजवळच्या नव्या जागेत आणलं. पहिल्याच दिवशी शामला मुळ्येनं नव्या लॅपटॉपवरून हात फिरवला. उजव्या बाजूची आकड्यांची बटणंच नव्हती.

घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या होत्या. किला गेटची माणसं एका कंपनीची, शहरातल्या लष्कर भागातली दुसरीची. आता दोघांचं काम एकाच खोलीत, आणि एवढी माणसं लागणार नाहीत अशी कुजबुज पहिल्या दिवसापासून होती.

शामलाची दृष्टी कॉलेजात असताना हळूहळू गेली होती. वडील, कृष्णराव, शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी रजा काढून तिला इंदूरला संगणक शिकायला नेलं आणि वर्ग चालू असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तिथं ती स्क्रीन रीडर वापरायला शिकली. पडद्यावर जे असेल ते तो कानात वाचून दाखवतो. त्याला हुकूम द्यायचे आकड्यांच्या बटणांनी. वरच्या रांगेनं ओळ वाचायची, मधल्या रांगेनं शब्द, खालच्या रांगेनं एकेक अक्षर. पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. तिथं बोट टेकलं की बाकीची बटणं हाताशी येतात. फक्त नम लॉक बंद हवं. ते चालू झालं की तीच बटणं वाचायचं सोडून आकडे टाइप करायला लागतात.

नव्या केंद्राचे प्रमुख जयसिंहराव सज्जन माणूस. शामलानं अडचण सांगितली आणि त्यांनी बाजारातून वेगळा नंबरपॅड आणवला. हाताच्या पंजाएवढा, वायरनं लॅपटॉपला जोडायचा. शामलानं तो जोडला, नम लॉक बंद केलं, आणि पहिल्या ग्राहकाचं नाव अक्षर न् अक्षर ऐकून घेतलं तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

थोडे दिवस बरे गेले. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, फोनवर ग्राहक तावातावानं बोलत असताना तिनं ओळ वाचायला बटण दाबलं. कानात ओळ आली नाही, "आठ" असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आठ. घाईनं पुसताना एक आकडा ग्राहकाच्या पत्त्यात राहूनच गेला. लाइनमन भलत्याच घरी जाऊन शिव्या खाऊन आला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नंतर पुन्हा.

जयसिंहरावांनी दुरुस्तीवाल्या मुलीला बोलावलं. तिनं शामलाच्या टेबलाशी उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "मशीन ठीक आहे. कोणी नम लॉक दाबलं, किंवा वायर काढून परत लावली, तर असं होतं. नंबरपॅड नव्यानं जोडला की ह्याचं नम लॉक आपोआप चालू होतं."

"मी सुट्टीत उठते तेव्हा ते बंदच असतं," शामला म्हणाली.

"मग कोणीतरी हात लावतंय," मुलगी म्हणाली आणि निघून गेली.

कोणीतरी. हा शब्द शामलाच्या डोक्यातून जाईना. मंदाताई तिच्या जुन्या सोबतीण. किला गेटला दोघी शेजारी बसायच्या, एका ऑटोनं घरी जायच्या. त्या दिवशी ऑटोत मंदाताई हळूच म्हणाल्या, "तुझ्या डावीकडे कोण बसतं? दौलतसिंह. लष्करवाला. आपल्यातलं कोणी कमी झालं तर फायदा कोणाचा?"

शामलाच्या मनात हेच होतं, फक्त ओठांवर आलं नव्हतं. दौलतसिंह कमी बोलायचे. ती जागेवर आली की त्यांची खुर्ची किंचित सरकायची. आधी तिला वाटे, जागा देतायत. आता वाटू लागलं, काहीतरी लपवतायत. त्यांच्या खोकल्यातही तिला काहीबाही ऐकू यायला लागलं.

शेवटी तिनं विचारलं. "दौलतसिंह, माझ्या नंबरपॅडला तुम्ही हात लावता का?"

"मी कशाला लावू, शामलाजी? मला तर त्यातलं काही समजत पण नाही." मग थोडं थांबून, कोरडेपणानं, "आणि तुम्ही मलाच का विचारताय?"

ती उठली. सरळ जयसिंहरावांकडे गेली. दुसऱ्या दिवशी दौलतसिंहांना जिन्याजवळच्या टेबलावर हलवलं.

पण दोन दिवसांनी पुन्हा कानात "आठ" आला.

मग शामलानं काय केलं, तर सुट्टीला उठताना हेडफोनची पिन काढली आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवला. डबा घेऊन बाहेर गेल्यासारखं केलं आणि दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. खालून टेम्पोंचे भोंगे येत होते. वाटत होतं, हे आपण काय चोरासारखं करतोय.

आतून दोन सूर आले, एक वरचा, एक खालचा. वायर निघाली की लॅपटॉप असाच वाजतो. लगेच फोन चार्जिंगला लागल्याची बारीक शीळ. किला गेटला शेजारी बसून रोज ऐकलेली ती शीळ शामलानं झोपेतही ओळखली असती.

"मंदाताई?" ती दारातून म्हणाली.

आत बांगड्या किणकिणल्या. "अगं, जरा फोन लावला. ह्यांची तब्येत बरी नाही, घरून कधीही फोन येतो. माझ्या टेबलाचा प्लग चालत नाही, माझा लॅपटॉपच कसाबसा बॅटरीवर तगतो. तुझ्या लॅपटॉपला तेवढं एकच भोक मोकळं होतं."

"मोकळं नव्हतं. नंबरपॅड होता."

"परत लावून ठेवत होते की."

"त्या मुलीनं सांगितलं तेव्हा तुम्ही तिथंच उभ्या होतात."

मग मंदाताईंचा आवाज बारीक झाला. "तेव्हाच कळलं मला. त्यानंतर मी ते नम लॉकचं बटण दाबून ठेवायची. त्याचा दिवा लागलाय की विझलाय ते नीट दिसायचं नाही, कधी उलटंच व्हायचं. सांगितलं असतं तर मला काढलं असतं, शामला. घरात आता माझीच कमाई आहे."

"आणि दौलतसिंह?"

मंदाताईंनी फोन काढला आणि नंबरपॅड परत जोडला.

शामला जयसिंहरावांना एवढंच म्हणाली, की दौलतसिंहांचा काही संबंध नव्हता, वायर निघत होती. कोण काढत होतं, ते तिनं मंदाताईंवर सोडलं. मंदाताईंनी चार दिवस लावले, पण जाऊन सांगितलं. त्यांना कोणी काढलं नाही. जयसिंहरावांनी फक्त त्यांच्या टेबलाचा प्लग दुरुस्त करवून घेतला.

दौलतसिंहांकडे जाणं शामलाला जास्त जड गेलं. ती जिन्याजवळ जाऊन उभी राहिली. "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला," ती म्हणाली. "माफ करा."

त्यांनी खुर्ची सरकवली. "खरं सांगू, शामलाजी? मला वाटायचं, तुम्ही स्वतःच करताय. आमच्यातला एखादा बळीचा बकरा करायला. किला गेटवाल्यांवर माझा पण भरोसा नव्हता."

"आता आहे?"

"बघू," ते म्हणाले. जुन्या जागेवर ते परत आले नाहीत. जिन्याजवळ वारा चांगला येतो म्हणाले, आणि शामलानं ते खरं मानलं.

मंदाताईंबरोबर ती अजून त्याच ऑटोनं जाते. बोलणंही होतं, घरच्या आजारपणाचं, भाजीचं. त्यांचा फोन वाजला की मात्र ती तोंड रस्त्याकडे वळवते.