कोंबडीवालीनं वकील शोधला

कुकरचं झाकण कपाळावर बसलं तेव्हा कोंबडीवालीच्या डोळ्यांपुढे काजवे वगैरे काही चमकले नाहीत. काहीतरी ऊन ऊन भुवईवरून खाली ओघळलं आणि डावा डोळा मिटला. उजव्या डोळ्यानं तिनं आधी पोरगी कुठे आहे ते बघितलं. पोरगी पलंगाखाली होती. मग तिनं फडकं शोधलं आणि कपाळावर दाबून धरलं.

नवरा टेम्पो चालवायचा. भाजी आळणी झाली म्हणून मारायचा, खारट झाली म्हणून मारायचा, आणि बरी झालीच तर "आज कसं जमलं गं?" म्हणत एक ठेवून द्यायचा. त्या रविवारी मात्र मारून दमल्यावर तो दारात उभा राहून वेगळंच बोलला.

"पोरगी माझ्या बहिणीकडे नेऊन टाकतो. कायमची. मग बस तुझ्या कोंबड्यांना जोजवत."

मार तिच्या अंगवळणी पडला होता. पण हे ऐकल्यावर ती रात्रभर पोरीचा हात धरून जागी राहिली.

कोंबडीचं दुकान तिचं नव्हतं, ती तिथे कामाला होती. पण कोंबडी तोडायच्या ओंडक्यामागे ती उभी नसली तर गिऱ्हाईक "मग येतो" म्हणून निघून जायचं. अंगातला सदरा उतरवावा तशी ती कोंबडीची कातडी उतरवायची. शेजारी मासेवाली मावशी बसायची. तिच्या तोंडाला कोणी लागायचं नाही, आणि ती मात्र सगळ्यांच्या लागायची.

"दिवसभर हातात हातभर सुरी," मावशी म्हणाली, "आणि घरी जाऊन मार खातेस? कोंबड्यांना तरी तोंड कसं दाखवतेस?"

"त्या कुठे तोंड बघतात, मावशी."

"दात नंतर काढ. आधी वकील काढ कुठून तरी. पोरगी एकदा गेली की परत यायची नाही."

कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेला पहिला वकील गोड बोलायचा. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, "घरचं घरात मिटलेलं बरं, ताई" असंही म्हणाला. मग नवऱ्याचा फोन नंबर मागितला. वकिलाला लागत असेल, म्हणून तिनं तो देऊन टाकला.

संध्याकाळी नवरा वेळेआधी घरी आला. वकिलानं त्याला फोन करून समजूत घातली होती. नवऱ्यानं आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग तिचा डावा हात धरून दाराच्या फटीत घातला आणि दार अंगाच्या जोरानं लोटलं. दोन बोटं चेपली. उजवा हात त्यानं सोडला, कारण पगार त्या हाताचा होता.

"कर अजून वकील," तो म्हणाला. "अजून बोटं आहेत."

दुसऱ्या दिवशी मावशीनं बोटांवरची पट्टी बघितली. मासा बाजूला ठेवून ती म्हणाली, "वकील कोण चांगला असं विचारत फिरू नकोस. जो तो आपला भाचा पुढे करेल. कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बस आणि बाहेर पडणारे नवरे कोणाला शिव्या घालतात ते ऐक. ज्याला जास्त पडतील तो आपला."

सुट्टी काढून ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. नवरे येत होते, जात होते. कोणी बायकोला शिवी घालत होता, कोणी सासूला, तर कोणी थेट जज्जाला. मग कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एकानं बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. "ती चष्मेवाली! बाई नाही, गोचीड आहे गोचीड!" थोड्या वेळानं एक म्हातारा आपल्या लेकाला सावरत आला. "चष्मेवालीची जीभ झडो," तो पुटपुटला. शेवटी एक दांडगा गडी खांबाला टेकून सोबत्याला सांगू लागला, "सोललं रे मला. हसत हसत सोललं त्या चष्मेवालीनं."

सोलणं म्हणजे काय ते कोंबडीवालीला कळत होतं. ती उठली.

"दादा, या चष्मेवाली बसतात कुठे?"

ही भांडायलाच निघालीय असं गड्याला वाटलं. "वर, जिन्याजवळची खोली. माझ्याकडून पण चार घाला!"

चष्मेवाली डबा खात होती. "बसा. बोटांना काय झालं?"

"लागलं."

"आणि कपाळाला?"

"तेही लागलं."

"हा पुढचा दात?"

"पडला."

वकीलबाईंनी घास परत डब्यात ठेवला. "लागलं, पडला. बाई, तुमच्या बोलण्यात करणारा कुठेय? घरात भूत राहतं का? कोर्टाला काय सांगू मी, दाराला अटक करा म्हणून?"

कोंबडीवाली हसली. ओठावरची खपली फुटली आणि हनुवटीवर रक्त आलं. वर्षानुवर्षं दवाखान्यात, शाळेत, दुकानात तिनं हेच सांगितलं होतं. लागलं.

"त्यानं..."

"त्यानं काय?"

"त्यानं माझी बोटं दारात घातली. आणि दार लोटलं."

एवढं बाहेर पडलं आणि मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या कोंबडीची पिसं यावीत तसं भसाभस सगळं आलं. कुकरचं झाकण आलं, पट्टा आला, पोटातल्या पहिल्या बाळावर बसलेली लाथही आली. वकीलबाई लिहीत होत्या. डबा तसाच राहिला.

"पोरगी तुमच्याकडेच राहावी म्हणून आधी तात्पुरता हुकूम मागू," त्या म्हणाल्या. "फीचं नंतर बोलू. पण एक आत्ताच ऐका. नोटीस मिळाली की तो दुकानावर येणार. तुमच्या हातात सुरी असणार. ती नुसती उगारलीत, तरी त्याचा वकील उभा राहून विचारेल, असल्या बाईच्या हाती लेकरू द्यायचं? मग मी कितीही बोलले तरी पोरगी गेली."

"आणि त्यानं मारलं तर?"

"ओरडा, पळा, माणसं गोळा करा. सुरी मात्र टाका."

नोटीस त्याला मिळाली. वकीलबाई हुकमासाठी कोर्टात उभ्या होत्या त्याच सकाळी टेम्पो बाजाराच्या तोंडाशी येऊन थांबला. नवरा ओंडक्यासमोर आला. आवाज चढवायचीही त्याला गरज वाटली नाही.

"शाळेत चाललोय. पोरगी उचलतो आणि तसाच निघतो. तुला सांगून जावं म्हटलं."

सुरी कोंबडीच्या छातीत होती. कोंबडीवालीचं मनगट ताठ झालं. आता हा संपला, असं मावशीला वाटलं. तेवढ्यात कोंबडीवालीनं सुरी उपसली आणि मागच्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकली. तिथे कोणाचाच हात पोचणार नव्हता, त्याचाही नाही.

पळायला वाट मोकळी होती. ती पळाली नाही. ओंडक्याला वळसा घालून आली, खाली बसली आणि त्याच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"सोड."

"नाही."

त्यानं तागडीतलं वजन उचलून तिच्या पाठीत घातलं. एकदा, मग परत. मोकळ्या पायानं तोंडावर लाथ मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. हाडांचे आवाज तिला पाठ होते. तिला तसंच फरफटत तो टेम्पोकडे निघाला. रक्तात, पाण्यात, पिसांत ती घासत गेली. त्यानं तिची पट्टी बांधलेली बोटं शोधून काढली आणि त्यांच्यावर टाच दिली. ती किंचाळली, पण मिठी सुटली नाही.

"अरे बघताय काय, तमाशा आहे का?" मावशीनं बर्फातला आख्खा मासा शेपटीकडून धरला आणि त्याच्या कानशिलात हाणला. गोठलेला मासा दगडासारखा बसला. तो झोकांडला. मग कुठे बाजाराला कंठ फुटला, आणि हातही. गिऱ्हाइकं, हमाल, अगदी दुकानाचा मालकसुद्धा त्याच्यावर पडला. पोलीस आले तेव्हा तो माणसांच्या ढिगाखाली होता आणि त्याचा पाय अजून तिच्या मिठीत होता.

"सोडा आता, बाई," हवालदार म्हणाला.

"पोरगी शाळेत आहे," ती म्हणाली. "आधी कोणीतरी शाळेत जा."

मावशीनं वकीलबाईंना फोन लावला. हुकूम नुकताच हातात पडला होता. काळा कोट न उतरवता त्या थेट शाळेत गेल्या आणि हेडबाईंच्या टेबलावर तो कागद ठेवला.

दवाखान्यात कोंबडीवालीच्या नाकाला टाके पडले. चेहरा सुजून भोपळ्याएवढा झाला, डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी उरल्या. संध्याकाळी वकीलबाई पोरीला घेऊन आल्या. पोरगी दारातच थबकली आणि खाटेवरच्या बाईकडे बघून कोटामागे लपली.

"ही नाही," ती म्हणाली. "माझी आई अशी नाही."

खाटेशी बसलेल्या मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

कोंबडीवालीनं ओठ हलवले. नाक बंद होतं, म्हणून आवाज घशातून ओढून काढला. "दप्तर कुठे विसरलीस गं, भवाने?"

पोरगी कोटामागून बाहेर आली. "विसरले नाही. बाहेर बाकावर ठेवलंय," म्हणत ती खाटेवर चढली.